उन्हाळी संगीत-शिबिरे : एका शैक्षणिक वादाचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि शाळांना सुट्टी लागली की शहरोशहरी संगीत, नृत्य आणि नाट्य यांच्या उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात, आणि ज्या घरातील मूल एखाद्या क्लासात दोन-तीन वर्षे अलंकार घोटीत आहे किंवा प्रवेशिकेच्या परीक्षेची तयारी करीत आहे, त्या घरात त्यास शिबिराला धाडावे की नाही ह्याची चर्चा सुरू होते. ही चर्चा बहुधा शुल्क, अंतर आणि आजोळी जाण्याचा बेत एवढ्यावरच संपते. परंतु तिच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो पुष्कळ जुना आणि पुष्कळ गंभीर आहे. वर्षानुवर्षांच्या संथ सहवासाने जी विद्या अंगी मुरते असे आपली परंपरा सांगते, ती आठ-दहा दिवसांच्या, फार तर आठ-दहा आठवड्यांच्या, गजबजलेल्या सहवासातून कितपत देता येते. देता येत नसेल, तर त्या सहवासात विद्यार्थ्याच्या पदरी नेमके काय पडते. आणि जे पडते ते टिकते किती, हा तो प्रश्न होय.

ह्या प्रश्नावर संगीत-शिक्षक, मानसशास्त्रज्ञ, पालक आणि स्वतः विद्यार्थी यांनी जी निरनिराळी मते मांडली आहेत, त्यांची पूर्वपीठिका सांगावी, मुख्य पक्ष ज्याच्या त्याच्या बाजूने मांडावेत, आणि कोणत्या बाबींचा निकाल अद्याप लागलेला नाही ते नोंदवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन मुख्यत्वे संगीताच्या विद्यार्थ्यांपुरते, म्हणजे साधारणतः आठ ते अठरा ह्या वयोगटापुरते, मर्यादित ठेवले आहे. नाट्य-नृत्याचा उल्लेख प्रसंगोपात्त येईल.

२. पूर्वपीठिका : अमेरिका आणि युरोप

आज ज्या अर्थाने आपण 'संगीताचे उन्हाळी शिबिर' म्हणतो, त्याचा आद्य नमुना म्हणून अमेरिकेतील मिशिगन राज्यातील इंटरलॉकेन येथील शिबिराकडे बोट दाखवावे लागते. जोसेफ मॅडी ह्या संगीत-शिक्षकाने १९२६ साली देशभरातील माध्यमिक शाळांतून निवडक वादक जमवून डेट्रॉइट येथे शिक्षकांच्या परिषदेपुढे एक वाद्यवृंद उभा केला; थोड्या दिवसांच्या त्या तयारीने मुलांनी जी मजल मारली ती पाहून, तेच काम निवांतपणे संपूर्ण उन्हाळाभर करावे अशी कल्पना त्याला सुचली, आणि १९२८ साली थॅडियस गिडिंग्ज ह्या सहकाऱ्याच्या साह्याने, दोन सरोवरांच्या मधल्या झाडीत, ते शिबिर सुरू झाले. गरीब-श्रीमंत हा भेद दिसू नये म्हणून सर्वांना निळा गणवेश, पहाटे उठण्यापासून रात्री दिवे मालवण्यापर्यंत तासाबरहुकूम बांधलेला दिवस, आणि प्रत्येक आठवड्याला जाहीर कार्यक्रम, हा तेथील शिरस्ता पुढे असंख्य शिबिरांनी उचलला.

१९४० साली बॉस्टन वाद्यवृंदाचे संचालक सर्जी कुसेवित्स्की यांनी टँगलवुड येथे उन्हाळी विद्यालय स्थापिले. पहिल्याच वर्षीच्या विद्यार्थ्यांत लेनर्ड बर्नस्टाइन होते, आणि शिक्षकांत एरन कोपलंड. हे विद्यालय प्रौढ, तयार विद्यार्थ्यांसाठी असल्याने १९६६ पासून बॉस्टन विद्यापीठाने त्याच परिसरात शाळकरी वयाच्या मुलांसाठी निराळी व्यवस्था केली. आपल्या दृष्टीने एक दुवा येथे सांगण्याजोगा आहे : मुंबईत वाढलेले झुबिन मेहता व्हिएन्नातील शिक्षणाच्या जोडीला आधी इटलीतील सिएना येथील उन्हाळी वर्गात आणि नंतर १९५८ मध्ये टँगलवुड येथे शिकले, आणि त्यांच्या कीर्तीचा आरंभ ह्याच काळात झाला.

ह्याच परंपरेत दोन परस्परविरोधी शाखा फुटल्या. १९४४ मध्ये व्हायोलिनचे गुरू इव्हान गॅलामियन यांनी न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागात मेडोमाउंट ही शाळा काढली. तेथे मुख्य काम एकच, आणि ते म्हणजे आपापल्या खोलीत रोज कित्येक तास एकट्याने सराव. दुसरी शाखा जपानच्या शिनिची सुझुकी यांच्या विचारातून निघाली. मूल जशी मातृभाषा ऐकत ऐकत शिकते तसेच त्याने वाद्य शिकावे आणि आई-बापांनी त्या शिक्षणात शेजारी बसावे, हा त्या विचाराचा गाभा असल्याने, १९७१ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जे पहिले सुझुकी उन्हाळी संमेलन भरले, त्यात मुलांबरोबर पालकही विद्यार्थी झाले. एका शाखेने घर दूर ठेवले, दुसरीने घरच शिबिरात आणले. आजही कोणत्याही शिबिराची घडण ह्या दोन टोकांच्या दरम्यान कोठेतरी पडते.

३. पूर्वपीठिका : आपल्याकडील प्रवाह

आपल्याकडे ह्या कल्पनेला तीन निरनिराळे प्रवाह येऊन मिळाले आहेत. पहिला प्रवाह गुरुगृही राहून शिकण्याचा. भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहिले, घरातील पडेल ते काम करीत शिकले. केसरबाई केरकर १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे तालीम घेत राहिल्या. ह्या दाखल्यांनी घडविलेल्या मनाला मुदतीच्या शिक्षणाविषयी स्वभावतःच शंका वाटते.

दुसरा प्रवाह संस्थात्मक शिक्षणाचा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून, आणि १९०८ मध्ये मुंबईस तेच कार्य नेऊन, गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या वर्ग, अभ्यासक्रम, छापील पुस्तके आणि परीक्षा यांच्या कक्षेत आणली. समूहाने गाणे शिकता येते की नाही ह्यावर त्या वेळी जो वाद माजला, आजचा शिबिरांचा वाद हे त्याचेच पुढचे पर्व म्हणावे लागेल. त्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत लाखो घरांत परिचित आहेत. आणि त्यांचे एक सत्र एप्रिल-मेच्या सुमारास येत असल्याने परीक्षा आणि शिबिर यांची ओढाताण हा अनेक विद्यार्थ्यांचा दरवर्षीचा अनुभव असतो.

तिसरा प्रवाह सामाजिक चळवळींचा आहे. 'शिबिर' ही गोष्ट महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली ती बव्हंशी राष्ट्र सेवा दलासारख्या संघटनांमुळे. १९४१ साली नव्याने उभ्या राहिलेल्या सेवा दलाच्या उन्हाळी शिबिरांत बौद्धिके आणि श्रमदान यांच्या बरोबरीने समूहगीत असे. त्याच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे आदींच्या साह्याने गाणे आणि नाट्य खेड्यापाड्यांत नेले. १९५९ साली सुधा करमरकर यांनी 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणून मराठी बालरंगभूमीला नवे वळण दिले, आणि मे महिन्याची सुट्टी हा बालनाट्याचा हंगाम ठरला. गायन-वादनाच्या आजच्या शिबिरांत शेवटच्या दिवशी पालकांपुढे जो कार्यक्रम होतो, त्यावर बैठकीपेक्षा ह्या बालरंगभूमीची आणि कलापथकाची छाप अधिक दिसते.

ह्या तीन प्रवाहांचा मेळ घालण्याचा लक्षणीय प्रयत्न स्पिक मॅके ह्या चळवळीने केला. दिल्लीच्या आयआयटीतील प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ साली सुरू केलेल्या ह्या संस्थेच्या निवासी अधिवेशनांत विद्यार्थी आठवडाभर पहाटे उठून योग, श्रमदान आणि थोर कलावंतांच्या सान्निध्यातील अभ्यास असा दिनक्रम पाळतात; शिवाय निवडक तरुणांना उन्हाळ्यात काही आठवडे एखाद्या गुरूच्या घरी राहण्याची तजवीज ही संस्था करते. गुरुकुल आणि शिबिर ह्या दोन कल्पना येथे एकत्र येतात.

४. विद्यार्थ्याचा अनुभव

वादाकडे वळण्यापूर्वी शिबिरात मुलाच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते हे पाहणे इष्ट होय. आपल्याकडील सर्वसाधारण शिबिर आठ-दहा दिवसांचे, रोज तीन-चार तासांचे आणि बहुधा अनिवासी असते. भूप किंवा दुर्गा ह्यांसारख्या पाच स्वरांच्या रागातील सरगमगीत, त्रितालातील एक छोटा ख्याल, एखादा अभंग, एखादे नाट्यपद आणि दोन समूहगीते, असा बेत ठरलेला. पहिल्याच दिवशी पहिली अडचण उभी राहते ती पट्टीची : मुलींचा आणि लहान मुलांचा गळा काळी चार किंवा पाचवर मोकळा होतो, तर नुकताच आवाज फुटलेला चौदा वर्षांचा मुलगा काळी एकवरही चाचपडतो, शिक्षक मधली पट्टी धरतात, आणि ती कोणाचीच नसते. दुसरी अडचण वाद्यांची. वऱ्हाडाच्या कोरड्या उन्हात तबल्याचे चामडे ताणून स्वर चढतो, कोकणपट्टीच्या दमट हवेत तो उतरतो. चाळीस मुले खोळंबून बसलेली असताना साथीदाराला हातोडीने गट्टे ठोकीत बसावे लागते. गंमत अशी की, अनेक मुलांना तबला सुरात लावणे म्हणजे काय हे आयुष्यात प्रथम कळते ते ह्याच खोळंब्यात. कारण क्लासात तबला त्यांच्या येण्याआधीच लावलेला असतो, किंवा त्याची जागा यंत्राने घेतलेली असते.

निवासी शिबिराचा अनुभव निराळा. तेथे पहिले दोन-तीन दिवस घरच्या ओढीचे असतात. नंतर खोलीतल्या मुलांशी गट्टी जमते, रात्री दिवे मालवल्यावरही तिहाई मोजण्याची पैज लागते, आणि परतताना डोळे भरून येतात. बऱ्याच मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. आपल्या गावात, आपल्या शाळेत गाणारे एकटे आपणच आहोत, आणि म्हणून आपण थोडे विचित्र आहोत, ही जी भावना त्यांनी मनाशी बाळगलेली असते, ती आपल्यासारखीच वीस-तीस मुले एकदम भेटल्याने नाहीशी होते. शिबिराच्या बाजूने बोलणारे बहुतेक लोक ह्या एका गोष्टीवर सर्वांत अधिक भर देतात, आणि विरोधकांपैकीही ती नाकारणारे विरळाच.

५. पहिला पक्ष : सहवास हेच शिक्षण

शिबिरांचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आठवड्यातून दोनदा तासभर क्लासात जाणाऱ्या मुलाला गाण्याची माहिती मिळते, गाण्याचे वातावरण मिळत नाही. आणि जुन्या काळी गुरुगृही जे मिळे ते मुख्यतः वातावरणच होते. गुरूचा रियाज कानांवर पडणे, दुसऱ्या शिष्याची चूक ऐकून आपली सुधारणे, गाण्यावाचून दुसरा विषयच नाही अशा माणसांत वावरणे, ह्या गोष्टी आजच्या शहरी जीवनात बारमाही शक्य नसल्या तरी वर्षातून काही दिवस तरी शक्य व्हाव्यात, हा शिबिराचा खरा उद्देश असे ते मानतात.

ह्या पक्षाला पाठबळ मिळते ते बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून. निरनिराळ्या क्षेत्रांत उच्च पदाला पोहोचलेल्या १२० व्यक्तींच्या, त्यांत काही पियानोवादकांच्याही, जडणघडणीचा मागोवा घेऊन त्यांनी असे दाखविले की, आरंभीच्या काळात ह्या व्यक्तींना लाभलेले शिक्षक कठोर तंत्रज्ञ असण्यापेक्षा जिव्हाळा लावणारे होते. विषयाची गोडी आधी लागली, आणि काटेकोर शिस्त नंतर आली. शिबिर जर गोडी लावत असेल, तर त्याने दहा दिवसांत किती बंदिशी शिकविल्या हा हिशेब गौण ठरतो, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे.

शिबिरांनी कायमच्या संस्थांना जन्म दिल्याचे दाखलेही ते देतात. इंटरलॉकेनच्या उन्हाळी शिबिरातूनच १९६२ साली तेथील बारमाही कला-विद्यालय निघाले. १९६५ च्या उन्हाळ्यात उस्ताद अली अकबर खाँ कॅलिफोर्नियातील बर्कले येथे एका उन्हाळी वर्गात सरोद शिकवावयास गेले; त्यातून दोनच वर्षांनी त्यांच्या नावाचे संगीत-महाविद्यालय त्याच राज्यात उभे राहिले. म्हणजे मुदतीचे शिक्षण नेहमी मुदतीतच संपते असे नाही.

६. दुसरा पक्ष : सातत्यावाचून विद्या नाही

ह्याउलट जे गुरुजन शिबिरांकडे साशंकतेने पाहतात, त्यांचा आक्षेप शिबिर वाईट असते असा नाही. शिबिर पुरेसे आहे असा भ्रम पालकांच्या मनात उत्पन्न होतो, असा आहे. षड्ज लावणे ही एक गोष्ट घ्यावी. तानपुऱ्याच्या जवारीत मिसळून जाणारा षड्ज गळ्यातून निघावा म्हणून कित्येक महिने सकाळी खर्ज भरावा लागतो. दहा दिवसांत तो 'शिकविता' येत नाही, आणि मग जे शिकविता येते, म्हणजे पाठांतर, तेच शिबिराचे सर्वस्व होऊन बसते. शेवटच्या कार्यक्रमात मूल बंदिश आणि चार ताना बिनचूक म्हणते. परंतु त्या ताना पाठ केलेल्या असतात, आणि राग त्याच्या हाती लागलेला नसतो. शिवाय शिबिरातील शिक्षकाची गायकी आणि घरच्या गुरूची गायकी भिन्न असल्यास जूनमध्ये मूल दोन पद्धतींचा गोंधळ गळ्यात घेऊन परत येते, आणि तो निस्तरण्यात गुरूचा वेळ जातो.

ह्या पक्षालाही शास्त्राचा आधार आहे. हर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते, की एकदम घोकलेल्यापेक्षा अंतराअंतराने घोकलेले अधिक टिकते. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिन येथील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सर्वोत्तम विद्यार्थी ओळखू येत ते अनेक वर्षांत एकट्याने केलेल्या हेतुपूर्वक सरावाच्या एकूण तासांवरून. तो सराव रोजच्या ठराविक तासांत विभागलेला असे, आणि हे विद्यार्थी विश्रांती व झोपही भरपूर घेत. एका उन्हाळ्यात रेटून केलेल्या परिश्रमाने वर्षभराची उणीव भरून निघते, असे ह्या अभ्यासातून मुळीच निष्पन्न होत नाही.

मात्र न्यायाने हेही नोंदविले पाहिजे की, सातत्याचा आग्रह धरणारे सगळेच शिबिराचे विरोधक नाहीत. मेडोमाउंटची घडणच मुळी एकट्याच्या सरावावर आधारलेली आहे. तेथे इत्झाक पर्लमन, यो-यो मा यांच्यासारखे वादक तयार होऊन गेले. शिबिर म्हणजे समूहाचा गजबजाट हे समीकरण सार्वत्रिक नाही, हे त्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

७. चढाओढीचा वाद

तिसरा मुद्दा स्पर्धेचा. इंटरलॉकेन येथे अनेक दशके चाललेली एक पद्धत ह्या वादात वारंवार उद्धृत होते. दर आठवड्याच्या अखेरीस वाद्यवृंदातील प्रत्येक गटात जागांची फेरतपासणी होई : शेजारशेजारचे दोन वादक तोच उतारा एकामागून एक वाजवीत, गटातील बाकीची मुले डोळे मिटून ऐकत, आणि हात वर करून निर्णय देत. जिंकणारा वरच्या खुर्चीवर, हरणारा खालच्या. समर्थक म्हणत की, कोण वाजवितो हे न पाहता केवळ कानांनी निवाडा करण्याचे असे शिक्षण दुसरीकडे मिळणे नाही. शिवाय व्यावसायिक जगात हेच सोसावे लागणार आहे. टीकाकार म्हणत की, बारा वर्षांच्या मुलाला आपल्याच मित्रांच्या मतांनी दर आठवड्याला एक पायरी खाली उतरविणे हे संगीताशी असलेल्या त्याच्या नात्यावर कायमचा ओरखडा उठविणारे आहे.

टोबी पर्लमन ह्या स्वतः मेडोमाउंटच्या विद्यार्थिनी. तेथेच त्यांची इत्झाक पर्लमन यांच्याशी गाठ पडली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांनी तरुण तंतुवादकांसाठी जे उन्हाळी शिबिर सुरू केले, त्यात चढाओढीला जाणूनबुजून फाटा दिला, आणि प्रत्येक वादकाने रोज समूहगानात गाइलेच पाहिजे असा नियम केला. ज्या कामात सगळेच नवशिके, त्यात पहिला-दुसरा कोणी उरत नाही, ही त्यातली युक्ती.

मानसशास्त्राने ह्या वादाला एक उपयुक्त निरीक्षण पुरविले आहे. हर्बर्ट मार्श आणि जॉन पार्कर यांनी १९८४ मध्ये असे मांडले की, समान कुवतीची दोन मुले घेतली तर वरच्या दर्जाच्या सोबत्यांत वावरणाऱ्या मुलाचा स्वतःविषयीचा विश्वास दुसऱ्यापेक्षा कमी भरतो. आपल्याकडे वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. शिबिरात त्या गाईची गाठ एकाएकी धडधाकट गाईंशी पडते. गावात पहिला असणारा विद्यार्थी शिबिरात विसावा ठरला की काही मुले जिद्दीने पेटतात आणि काही वाद्य पेटीत ठेवून देतात. कोणते मूल कोणत्या वाटेने जाईल हे आगाऊ सांगण्याचे साधन कोणाजवळ नाही. परंतु विसावा येणे म्हणजे काय हे त्याला समजावून सांगणारा एखादा वडीलधारा त्या दिवशी जवळ असणे महत्त्वाचे, ह्याविषयी दोन्ही बाजूंत फारसा मतभेद आढळत नाही.

८. शरीर, स्वास्थ्य आणि सुरक्षितता

शरीराचा प्रश्न अलीकडे अधिक गंभीरपणे विचारात घेतला जाऊ लागला आहे. वर्षभर रोज अर्धा तास वाजविणारे मूल शिबिरात एकदम चार-पाच तास वाजवू लागले, की मनगट, खांदा आणि मान यांची दुखणी उद्भवतात. वाजविण्याच्या वेळेत अचानक झालेली वाढ हे वादकांच्या दुखापतींचे एक सर्वमान्य कारण आहे. गायनाच्या बाबतीत बारा ते पंधरा वर्षांच्या, आवाज फुटण्याच्या वयातील मुलांना समूहगीतात उंच पट्टीत जोर लावून गावयास लावणे गळ्याला बाधक ठरते. अशा मुलास गाऊच देऊ नये असे जुन्या पठडीतले काही गुरू मानीत. बदलत्या आवाजाच्या मर्यादेत, हलक्या गळ्याने, त्याने गात राहावे असे आजचे बहुतेक कंठतज्ज्ञ सांगतात.

दुसरी बाब सुरक्षिततेची. गुरू आणि शिष्य यांचे नाते श्रद्धेचे असल्याने शिष्याला, विशेषतः अल्पवयीन शिष्याला, तक्रार करणे कठीण जाते. घरापासून दूर असलेल्या निवासी शिबिरात ही अडचण दुणावते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्यास ती पोलिसांना कळविणे बंधनकारक केले आहे, आणि त्यातून कलेच्या संस्थाही सुटलेल्या नाहीत. एकांतातील तालीम हा गुरुशिष्य-परंपरेचा प्राण आहे असे मानणारे, आणि अल्पवयीनांची तालीम नेहमी इतरांच्या दृष्टीसमोर असावी असे म्हणणारे, यांच्यात अद्याप पूर्ण एकवाक्यता झालेली नाही. तथापि दार उघडे ठेवून शिकविल्याने विद्या उणावते असे दाखविणारा पुरावा कोणी पुढे केलेला नाही.

९. शुल्क आणि प्रवेश

अमेरिकेतील नामांकित शिबिरांचे शुल्क हजारो डॉलरांच्या घरात जाते; शिष्यवृत्त्या असल्या तरी तेथे पोहोचण्याइतकी पूर्वतयारी करून घेणारे खासगी शिक्षण पुन्हा खर्चिकच असते. ह्यावर एक उपाय सरकारी पातळीवर झाला. १९६३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्याने 'गव्हर्नर्स स्कूल' ह्या नावाने निवडक विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी निवासी विद्यालय काढले, आणि त्यात गणित-विज्ञानाच्या पंक्तीला संगीत, नृत्य व नाट्य यांना बसविले. त्याचे अनुकरण अनेक राज्यांनी केले. परंतु राज्याच्या जमाखर्चात तूट आली की पहिली कात्री अशाच उपक्रमांना लागते, असाही तेथील अनुभव आहे.

आपल्याकडे शिबिरांची दाटी महानगरांत आणि मोठ्या शहरांत आहे. ज्या तालुक्याच्या गावी भजनी मंडळात पखवाज वाजविणारा, किंवा वडिलांच्या बरोबरीने कीर्तनात झांज धरणारा मुलगा आहे, त्याच्यापर्यंत शिबिर पोहोचत नाही, आणि तो शिबिरापर्यंत पोहोचत नाही. वस्तुतः वारकरी शिक्षणसंस्थांत आणि गोमंतकातील देवळांच्या व चर्चच्या परिसरांत समूहाने संगीत शिकण्याच्या ज्या परंपरा नांदत आल्या आहेत, त्यांच्याकडून शिबिरांच्या आयोजकांना पुष्कळ घेता येण्यासारखे आहे. तसे आदानप्रदान मात्र तुरळक दिसते.

१०. अनिर्णित राहिलेल्या बाबी

येथवरच्या विवेचनावरून काही गोष्टींवर सर्वसाधारण सहमती दिसते : शिबिर नियमित तालमीची जागा घेऊ शकत नाही, समवयस्क, समानधर्मी सोबत्यांचा लाभ जो शिबिरात होतो तो अन्यत्र दुर्मीळ आहे, आणि वाजविण्या-गाण्याचे तास हळूहळू वाढवावेत. पण पुढील प्रश्नांचा फैसला झालेला नाही.

पहिला, परिणाम किती टिकतो. शिबिराची कैफियत बहुधा शेवटच्या दिवशी लिहिली जाते, मुले आणि पालक दोघेही भारावलेले असताना. त्या अभिप्रायांना पुरावा म्हणून फारसे मोल देता येत नाही. शिवाय शिबिरांना आधीच उत्साही आणि सुस्थितीतील मुले जात असल्याने, पुढे त्यांची जी प्रगती होते ती शिबिरामुळे की मूळच्या परिस्थितीमुळे, हे वेगळे काढणे अवघड जाते. नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या याद्यांवरूनही काही सिद्ध होत नाही, कारण जे सोडून गेले त्यांची यादी कोणी ठेवीत नाही.

दुसरा, योग्य वय कोणते. आठ वर्षांच्या मुलाला निवासी शिबिराचा लाभ होतो की केवळ ताण, आणि चौदा वर्षांच्या मुलाला पालकांसह भरणाऱ्या शिबिराचा उपयोग होतो की केवळ संकोच, ह्यावर अनुभवी शिक्षकांतही मतभिन्नता आहे.

तिसरा प्रश्न खास आपल्या संगीताचा. पाश्चात्त्य शिबिरांचा कणा वाद्यवृंद हा आहे. तेथे समूह ही सोय नसून मूळ कलेचीच गरज आहे. हिंदुस्थानी संगीत एका कलावंताच्या उपजेवर उभे असल्याने चाळीस मुलांना एकत्र बसवून नेमके काय करावे, हा प्रश्न आपल्या शिबिरांनी समूहगीताच्या आड झाकून ठेवला आहे. लयीची समज, ठेका हाताने धरणे, एकमेकांचे गाणे ऐकून राग ओळखणे, तानपुरा लावणे, साथ करणे, ह्या गोष्टी समूहात उत्तम शिकता येतात असे काही शिक्षकांचे म्हणणे आहे. तर उपज जिथे शिकविली जात नाही तिथे राग शिकविल्याचा आवच आणू नये, असे दुसऱ्यांचे मत आहे. ह्या दोहोंच्या मध्ये कोणता अभ्यासक्रम बसवावा, ह्याचा सर्वमान्य आराखडा अद्याप तयार झालेला नाही.

११. समारोप

एकंदरीत पाहता, हा वाद शिबिर हवे की नको ह्या पायरीवरून पुष्कळ पुढे सरकला असून, शिबिराकडून कशाची अपेक्षा करावी ह्या पायरीवर येऊन ठेपला आहे. ऐकणे, सोबत, साथसंगत आणि गोडी ह्या चार गोष्टी शिबिर देऊ शकते. स्वर, राग आणि उपज ह्या गोष्टींसाठी गुरूकडे परत यावेच लागते. तेव्हा शिबिराचे यश शेवटच्या दिवसाच्या कार्यक्रमावरून ठरविण्यापेक्षा, जून उजाडल्यावर मूल आपल्या क्लासात अधिक कान देऊन ऐकते की नाही, आणि न सांगता तानपुऱ्याजवळ जाऊन बसते की नाही, ह्यावरून ठरविणे अधिक न्याय्य होईल.

आयोजकांना ह्या निमित्ताने एक विनंती करावीशी वाटते. प्रत्येक शिबिरार्थीचे वय, पूर्वीचे शिक्षण आणि गुरूचे नाव यांची नोंद प्रवेशाच्या वेळी होतेच. तिच्यापुढे एक रकाना मोकळा ठेवून, दिवाळीच्या सुट्टीत त्या मुलाची आणि त्याच्या गुरूची विचारपूस करावी व उत्तर त्यात लिहून ठेवावे, मग ते उत्तर मुलाने गाणे सोडले असे का असेना. ह्याला खर्च जवळजवळ नाही, आणि पाच-दहा वर्षे हा रिवाज पाळला गेला तर आज ज्या प्रश्नांवर आपण केवळ मतांचा आढावा घेऊ शकतो, त्यांतील निदान एकदोहोंची उत्तरे आपल्या स्वतःच्या दप्तरातून निघतील.